दोघांची नौका

प्रेषितांच्या कृत्यांच्या 18 व्या अध्यायात अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे दांपत्य पौलाबरोबर किंख्रिया बंदरातून तारवात बसून निघाल्याचे आपण वाचतो. ते उतारू होते. तारू दुसऱ्याचे, सुकाणूही दुसऱ्याच्या हाती. परंतु आपल्या काळात पती-पत्नी स्वतःच्या लहानशा शिडाच्या नौकेला घर करतात आणि उष्ण कटिबंधातील एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडे वर्षानुवर्षे हिंडतात. निळे पाणी, माडांची रांग व पांढरे शीड यांची चित्रे पाहून आपणांस वाटते, केवढी ही विश्रांती! खरोखर ते जीवन कसे असते, याचा येथे थोडा अभ्यास करू.

प्रथम झोपेचा विचार करा. प्रशांत महासागरातील गालापागोस बेटांपासून मार्केसास बेटांपर्यंत सुमारे 3,000 सागरी मैलांचे अंतर आहे. लहान शिडाच्या नौकेला ते कापण्यास तीन ते चार आठवडे लागतात. समुद्राच्या मध्यावर नांगर टाकता येत नाही, म्हणून रात्रंदिवस कोणीतरी जागे असावेच लागते. रात्री तीन-चार तास एकाचा पहारा, मग दुसऱ्याचा. म्हणजे एकाच छपराखाली राहूनही त्या काळात पती-पत्नी एकाच वेळी गाढ झोपलेली क्वचितच असतात. एकाने अंथरुणातून उठावे व दुसऱ्याने त्याच उबदार जागेत शिरावे, असा तो संसार.

पुष्कळ नौकांवर वाऱ्याच्या जोरावर चालणारे स्वयंचलित सुकाणू असते. हाताला विसावा देणारे हे साधन मोठे उपयोगी; पण त्यातच धोकाही आहे. पहाऱ्यावरचा माणूस अंधारात तोल जाऊन पाण्यात पडला, तर नौका थांबत नाही. ती आपल्या दिशेने तशीच पुढे जाते आणि आत निजलेल्या जोडीदाराला काहीही कळत नाही. म्हणून अनुभवी दांपत्ये एक नियम पाळतात: रात्री कमरेचा पट्टा दोरीने नौकेला बांधल्याशिवाय पहाऱ्यावर बसायचे नाही, आणि जोडीदाराला उठवल्याशिवाय पुढच्या भागात जायचे नाही. थकलेल्या माणसाला जागे करणे जिवावर येते. तरीही उठवायचे. न उठवण्यातली माया तेथे घातक ठरते. उपदेशकाच्या 4 थ्या अध्यायात एकट्याने पडणाऱ्याविषयी जे सांगितले आहे, ते वाचताना मला हा नियम नेहमी आठवतो.

या जीवनाची काही उदाहरणे प्रसिद्ध आहेत. एरिक व सुसान हिस्कॉक या इंग्रज दांपत्याने 1952 ते 1955 या काळात 30 फुटी ‘वाँडरर थ्री’ नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. एरिकची दृष्टी फार अधू होती! लिन व लॅरी पार्डी यांनी आपली ‘सेराफिन’ ही सुमारे 24 फुटांची नौका स्वतः बांधून 1968 मध्ये पाण्यात सोडली. तिला इंजिन नव्हते. पुढे त्यांनी ‘तालैसिन’ ही थोडी मोठी नौका बांधली. तिलाही इंजिन लावले नाही. लॅरीचे 2020 मध्ये निधन झाले. चोवीस फूट म्हणजे आपल्याकडील दोन खोल्यांची लांबी. रुंदी तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेथे रुसून बसायला दुसरी खोली नसते.

बेट दृष्टीस पडले म्हणजे श्रम संपले असे नव्हे, कारण खोल समुद्रापेक्षा किनाराच अधिक नौका फोडतो. प्रवाळाच्या रांगांतून वाट काढताना एकजण सुकाणूपाशी व दुसरा नाळेवर उभा राहतो. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच आत शिरायचे, म्हणजे पाण्याचे रंग दिसतात: गडद निळे ते खोल, फिकट हिरवे ती वाळू, तपकिरी तो प्रवाळ. वाऱ्यात बोलणे ऐकू जात नाही. हाताच्या खुणांवरच काम चालते. सुकाणू धरणाऱ्याला खडक दिसत नाही, त्याला फक्त जोडीदाराचा हात दिसतो.

मग पाण्याची काटकसर, पावसाचे पाणी ताडपत्रीत धरणे, खाऱ्या पाण्याने अंघोळ करून शेवटी तांब्याभर गोड पाणी घेणे, आणि खाऱ्या हवेने गंजलेल्या वस्तूंची न संपणारी दुरुस्ती. याविषयी अधिक लिहीत नाही. घर चालवणाऱ्यांना ते सांगायला नको.

ऋतूची आज्ञा मात्र मोडता येत नाही. दक्षिण प्रशांत महासागरात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. त्याआधीच नौका न्यूझीलंडसारख्या देशी किंवा विषुववृत्ताच्या जवळ जाऊन थांबतात. कृत्यांच्या 27 व्या अध्यायात हाच प्रश्न आहे. ऋतू टळून गेला होता, पौलाने सावध केले होते, पण ते बंदर हिवाळा घालवायला गैरसोयीचे म्हणून बहुतेकांनी पुढे जाण्याचे ठरवले. त्यात तारू गेले. हा अध्याय मराठीत आणणाऱ्याची वेगळीच परीक्षा होते. ‘नाळ’ व ‘वरामा’ हे नौकेच्या पुढच्या व मागच्या भागांचे शब्द कोकणच्या खलाशाला पाठ. विदर्भातल्या वाचकाला ते समजावून द्यावे लागतात. तरी ते शब्द टाकून देऊ नयेत असे माझे मत आहे.

आपल्या देशातही हे ज्ञान जिवंत आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या ‘म्हादई’तून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्याच कारखान्यातल्या ‘तारिणी’तून नौदलाच्या दिलना के. व रूपा ए. या दोघी अधिकारी 2 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्याहून निघाल्या व 29 मे 2025 रोजी परतल्या. आठ महिने दोघींचाच पहारा! नौदलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्याने पत्नी व मुलीसह आग्नेय आशियात नौकेलाच घर केल्याचेही अलीकडे वृत्तपत्रांत आले.

हे सर्व लोक आपखुशीने निघाले, आणि हवे तेव्हा परतू शकत होते. म्हैसूर जिल्ह्यात मात्र अशीही दांपत्ये आहेत, ज्यांची नौका म्हणजे हरिगोल: बांबूची विणलेली गोल टोपली, बाहेरून पूर्वी कातडे, आता प्लास्टिक व डांबर. तलकाडला कावेरीत पर्यटक हौसेने हिच्यात बसून गरगर फिरतात. शिडाच्या नौकेच्या तळाखाली जड पाते असते, म्हणून ती वाऱ्याला तिरकी तोंड देऊन पुढे सरकते. हरिगोलाला पाते नाही, शीड नाही, सुकाणूही नाही. आहे ते फक्त वल्हे. हुणसूर भागातील काही कुटुंबे हीच टोपली घेऊन केरळात कोचीच्या खाडीपर्यंत जातात, किनाऱ्यावर प्लास्टिकच्या पालांत राहतात आणि मासे धरून पोट भरतात. पुष्कळदा पती-पत्नी बरोबरच पाण्यावर जातात. मोठ्या बोटींच्या लाटा अंगावर येत असतात. एकजण वल्हे मारून टोपली स्थिर धरतो आणि दुसरा वाकून जाळे सोडतो.