नादारीचा अर्ज आणि लपविलेले उत्पन्न

‘दिवाळे वाजले’ हा शब्दप्रयोग बोलण्यात सहज, कधी थट्टेनेही केला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र नादारी ही गंभीर अवस्था आहे. कर्जाखाली दबलेल्या प्रामाणिक ऋणकोला पुन्हा उभे राहता यावे आणि जे शिल्लक असेल त्याची सर्व धनकोंत न्याय्य वाटणी व्हावी, हे या कायद्याचे दोन हेतू आहेत. या संरक्षणाच्या मोबदल्यात कायदा ऋणकोकडून संपूर्ण आणि खरी माहिती मागतो. उत्पन्नाचा एखादा स्रोत दडवून ठेवणाऱ्याला हे संरक्षण लाभत नाही. उलट त्याच्या अडचणी वाढतात.

कोणता कायदा, कोणते न्यायालय?

मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा, तर दिल्ली व आसपासच्या प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. ऋणको जेथे राहतो अथवा व्यवसाय करतो, तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. त्यामुळे राजधानी परिसर व्यवहारात एकच वाटला, तरी दिल्लीच्या रहिवाशाला दिल्लीतील, नोएडाच्या रहिवाशाला गौतम बुद्ध नगर जिल्ह्यातील, तर गुरुग्रामच्या रहिवाशाला हरियाणातील न्यायालयात जावे लागते. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. परंतु १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. सामान्य कर्जदाराचा मार्ग १९२० च्या कायद्यातूनच जातो.

तीन कागद, तीन आकडे

ऋणकोने अर्जात सर्व देणी, धनकोंची नावे आणि स्वतःच्या सर्व मालमत्तेचा तपशील मूल्यासह द्यावयाचा असतो. हिशेबाच्या वह्याही न्यायालयापुढे ठेवाव्या लागतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नोएडातील एका नोकरदाराने कर्ज घेताना बँकेला पगार ४०,००० रुपये, शिकवणीचे २०,००० आणि सदनिकेचे भाडे १५,००० असे मासिक ७५,००० रुपये उत्पन्न सांगितले. आयकर विवरणपत्रात त्याने फक्त पगार दाखविला आणि नादारीच्या अर्जातही तेवढाच लिहिला. तिन्ही कागद शेजारी ठेवले की विसंगती उघड होते. ती शोधणे आता अवघडही राहिलेले नाही. २०२१ पासून आयकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात व्याज, लाभांश, मोठे व्यवहार यांच्या नोंदी एकत्र दिसतात.

या गृहस्थाला खरे सांगण्याची भीती का वाटावी? दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार साध्या हुकूमनाम्याच्या वसुलीत पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. ४०,००० रुपयांच्या पगारातील २७,००० रुपये अशा रीतीने सुरक्षित राहतात. जप्तीपासून मुक्त असलेली मालमत्ता नादारीतही ऋणकोकडेच राहते. संरक्षण आहे, पण ते उघड केलेल्या उत्पन्नाला.

लपविण्याचे परिणाम

पहिला परिणाम म्हणजे देणी फेडण्याची असमर्थता सिद्ध न झाल्यास अर्जच फेटाळला जातो. नादार घोषित झाल्यावर सत्य उजेडात आले, तर ती घोषणा रद्द होऊ शकते. दुसरा, मालमत्ता अथवा हिशेब कपटाने दडविल्यास १९२० च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. २०१६ च्या संहितेतही खोटी माहिती देणाऱ्या ऋणकोला कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अशा शिक्षा घालण्यात आल्या. तिसरा, अशा वर्तनामुळे न्यायालय पूर्ण ऋणमुक्ती नाकारते. चौथा परिणाम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ऋणमुक्ती मिळाली तरी सरकारी देणी आणि कपटाने निर्माण झालेली देणी १९२० च्या कायद्यानुसार माफ होत नाहीत. दडविलेल्या उत्पन्नावरील कर म्हणजे सरकारचेच देणे. हेतुपुरस्सर चुकीचे उत्पन्न दाखविल्यास चुकविलेल्या कराच्या दुप्पट दंड त्यात मिळतो. ज्या ओझ्यातून सुटण्यासाठी अर्ज केला, त्यापेक्षा जड ओझे खांद्यावर राहते.

सर्वोच्च न्यायालयातील धडा

उत्पन्न दडविण्याची किंमत दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयात विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात दिसून आली. हे प्रकरण नादारीच्या अर्जाचे नव्हते, तर भारतीय स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकसमूहाच्या वसुलीचे होते. पण मुद्दा हाच होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिआजिओ कंपनीकडून मिळालेले ४ कोटी डॉलर त्यांनी न्यायालयाला दिलेल्या मालमत्तेच्या तपशिलात दाखविले नाहीत आणि ती रक्कम मुलांकडे वळविली. ९ मे २०१७ रोजी न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरविले. ११ जुलै २०२२ रोजी चार महिने कारावास, २,००० रुपये दंड आणि ती रक्कम ८ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश झाला. दरम्यान २६ जुलै २०२१ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने याच बँकांच्या अर्जावरून त्यांना दिवाळखोर घोषित केले होते.

ग्राहकांनी काय करावे?

हप्ते थकू लागताच प्रथम शाखेशी बोलावे. कर्जाच्या पुनर्रचनेने अनेकदा न्यायालयाची पायरी टळते. नादारीचा अर्ज अटळच असेल, तर आधी मागील वर्षांची विवरणपत्रे तपासून घ्यावीत. राहून गेलेले उत्पन्न दाखविण्यासाठी २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय झाली असून २०२५ मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढविण्यात आली. त्यासाठी जादा कर भरावा लागतो, तरी नंतरच्या दंडापेक्षा तो हलकाच असतो. भाडे, शिकवणी, दलाली, शेतीचे उत्पन्न, नातेवाइकांच्या नावावरील ठेवी यांची यादी करून ती वकिलाच्या हाती द्यावी. कर्मचाऱ्यांनीही कर्जाचा अर्ज भरून घेताना उत्पन्नाचा आकडा फुगविण्यास उत्तेजन देऊ नये. आज सोयीचा वाटणारा आकडा उद्या त्याच ग्राहकाविरुद्ध पुरावा ठरू शकतो.

धन गेले तरी पत उरू शकते. मात्र ती राखण्यासाठी हिशेब खरा असावा लागतो.