शिडाच्या बोटीवर आठवडाभर: खर्च किती, कशावर?

गुहागर-विजापूर रस्ता आपल्या कडेगावातूनच जातो. कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलं की चिपळूण आणि पुढे समुद्र. तेव्हा कोकणकिनारा आपल्याला लांबचा नाही. शिडाच्या बोटीवर कुटुंबासह आठवडाभर राहायचं मनात असेल, तर हिशेब आधी समजून घ्या. चार माणसांचं बोटीवरचं रोजचं खाणंपिणं घरच्यापेक्षा फार महाग पडत नाही. पैसे खाते ती बोट.

म्हणून विकत घेण्याच्या फंदात पडू नका. सप्टेंबर २०२५ पासून हौसेच्या बोटींवर ४० टक्के जीएसटी आहे. आधी तो २८ होता. नवी बोट २० लाखांची धरली, तर नुसता कर ८ लाख. देखभालीला दरवर्षी किमतीच्या १० टक्के बाजूला ठेवावेत, असा शिडवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. आपल्या उबदार पाण्यात तळाला शेवाळ आणि शिंपले भराभर चढतात, उन्हाने शिडाची शिवण उसवते, त्यामुळे आपल्याकडे त्याहून कमी धरूच नये. म्हणजे वर्षाला २ लाख. वर्षातून २० दिवस वापरली, तर बोट जागेवर नीट ठेवण्याचाच दिवसाचा खर्च १० हजार. पावसाळ्यात ती पाण्याबाहेर काढून ठेवायचं भाडं वेगळं.

त्यापेक्षा मुंबईत किंवा गोव्यात भाड्याने घ्या, कप्तानासकट. भावात मोसमाप्रमाणे चढउतार होतात, म्हणून ‘दिवसाला किती’ यापेक्षा ‘त्यात काय काय आलं’ हे विचारा आणि लिहून घ्या. कप्तानाचं जेवण कोणाकडे? वाऱ्यामुळे निघता आलं नाही, तर आगाऊ रक्कम परत मिळते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिझेल कोणाचं?

शिडाच्या बोटीलाही इंजिन असतं आणि किनाऱ्याने जाताना ते बरंच चालतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, सकाळ चढली की तो पडतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. मधले तास इंजिनाचे. मुंबई ते गोवा साधारण २२० समुद्री मैल. ताशी ५ मैलांनी ४४ तास. निम्मा वेळ इंजिन चाललं आणि ताशी अडीच लिटर जळलं, तर ५५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर सुमारे ५ हजार. परत उत्तरेकडे येताना मात्र तोच वायव्येचा वारा तोंडावर असतो. इंजिन जवळजवळ सलग चालतं आणि खर्च दुपटीवर जातो. गोव्याला उतरून रेल्वेने परतणार असाल, तरी बोट मुंबईला आणायचं डिझेल कोणाच्या बिलात पडणार, हे आधी ठरवा.

पाण्याचा हिशेब सगळ्यात काटेकोर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरा. चार माणसं, सात दिवस म्हणजे ११२ लिटर. वर अडीनडीला एक तृतीयांश. २० लिटरचे ८ जार पुरतात, आणि पैशाने ही बाब किरकोळच आहे. बेत कोसळतो तो आंघोळीने आणि भांड्यांनी. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोड्या पाण्यातून फक्त एकदा काढायची. आंघोळही तशीच: समुद्रात डुबकी, खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही म्हणून शाम्पू, आणि शेवटी डोक्यावरून एक तांब्या गोडं पाणी. टेंभू योजनेचं पाणी शिवारात येण्याआधीची वर्षं ज्यांनी टँकरवर काढली, त्यांना हे शिकवावं लागणार नाही.

स्वयंपाकाला प्रेशर कुकर हवाच, आणि तो आडव्या दांड्या लावलेल्या शेगडीवर. बोट कलली तरी झाकण बंद असल्याने वरण सांडत नाही, गॅसही वाचतो. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने भडका उडतो. म्हणून रांधून झालं की शेगडीची कळ फिरवून थांबू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. शिधा घरून न्या: कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदे, बटाटे. बर्फाशिवाय आठवडा निघतो. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो, तिथे ताजं घेता येईल. विजयदुर्ग, जयगड अशा आडोशाच्या खाड्यांत नांगर टाकून झोपलात, तर हॉटेलचा खर्च नाही.

रात्री बोट हाकायची घाई करू नका. जाळ्यांचे दोर अंधारात दिसत नाहीत. पंख्यात अडकले की पाणबुड्या बोलवा आणि मच्छीमाराच्या जाळ्याची भरपाई द्या, असा दुहेरी फटका बसतो.

नोव्हेंबर ते मार्च हा मोसम. पैसे भरण्याआधी बोटीवर स्वतः चढून पाहा: माणशी एक लाइफ जॅकेट, मुलांच्या मापाचंही, चालू असलेला व्हीएचएफ रेडिओ, नोंदणी आणि विम्याचे कागद. यातलं एकही कमी असेल, तर भाडं कितीही कमी सांगितलं तरी ती बोट सोडा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ सगळ्यांच्या फोनमध्ये साठवून घ्या.