एका लशीची तीस वर्षे

जैवतंत्रज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अद्ययावत प्रयोगशाळा आणि एखाद्या कंपनीची भव्य इमारत उभी राहते. परंतु केवळ प्रयोगशाळा आणि कारखाना असल्याने देशात नवे औषध जन्माला येत नाही. रुग्णालये, विद्यापीठे, सरकारी खाती, अर्थपुरवठा करणाऱ्या संस्था, औषध नियंत्रक आणि उद्योग यांच्यात सतत देवाणघेवाण व्हावी लागते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर फ्रीमन यांनी १९८७ साली जपानच्या प्रगतीचा अभ्यास मांडताना या परस्परसंबंधांना ‘राष्ट्रीय नवप्रवर्तन व्यवस्था’ असे संबोधिले. कल्पना अर्थशास्त्रातली असली, तरी आपल्या हैदराबादेत तयार होणाऱ्या एका लशीच्या उदाहरणाने ती सर्वांना उमगेल, असे मला वाटते.

रोटाव्हायरस हे अर्भकांतील तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी खोल गेलेल्या डोळ्यांची, बसलेल्या टाळूची, निपचित पडलेली कितीतरी बाळे पाहिली आहेत. जलसंजीवनीने पुष्कळ बाळे वाचतात; पण ती वेळेवर मिळाली तरच. दवाखान्यापासून दूर राहणाऱ्या बाळासाठी प्रतिबंध हाच भरवशाचा उपाय होय.

या लशीचे मूळ दिल्लीच्या एम्समध्ये सापडते. १९८५-८६ च्या सुमारास डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, काही नवजात बालकांच्या शौचात रोटाव्हायरस आहे, परंतु त्यांना जुलाब झालेले नाहीत. पुढे अशा बालकांना तीव्र आजारापासून संरक्षण मिळत असल्याचेही दिसून आले. हाच ‘११६ ई’ नावाचा विषाणू. निसर्गतःच त्यात गोवंशातील रोटाव्हायरसचे एक जनुक मिसळले होते. निदान एका वैद्यकाच्या जागरूक दृष्टीचे होते, हे आपण विशेषत्वाने लक्षात घ्यावे.

मात्र विषाणू म्हणजे लस नव्हे. १९८७ च्या भारत-अमेरिका लस कार्यक्रमातून परदेशी शास्त्रज्ञांचे सहकार्य लाभले. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, ‘पाथ’ ही संस्था आणि गेट्स प्रतिष्ठान यांनी साहाय्य केले. उत्पादनाची जबाबदारी १९९६ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या भारत बायोटेकने स्वीकारली. २०११ मध्ये सुरू झालेली तिसऱ्या टप्प्याची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथे ६,७९९ बालकांवर झाली. पहिल्या वर्षात तीव्र रोटाव्हायरस अतिसारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळते, असा निष्कर्ष निघाला. २०१४ मध्ये परवाना मिळाला, २०१६ पासून ‘रोटाव्हॅक’ सार्वत्रिक लसीकरणात आली आणि २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता लाभली. सरकारी खरेदीसाठी एका मात्रेची किंमत सुमारे एक डॉलर ठेवली गेली.

हे हैदराबादेतच का घडले? येथे आयडीपीएलसारख्या सरकारी कारखान्यात औषधनिर्मितीची जाण असलेली माणसे घडली. सीसीएमबीसारखी संशोधन संस्था येथे होती. १९९७ मध्ये शांता बायोटेक्निक्सने हिपॅटायटिस-बी ची स्वदेशी लस अत्यल्प दरात आणून दाखविली होती. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती.

तरीही विषाणू सापडल्यापासून लस सरकारी लसीकरणात येईपर्यंत तीस वर्षे गेली. इतक्या काळात एक पिढी मोठी होते, आणि जी बाळे वाचली नाहीत त्यांच्यासाठी लस उशिराच आली. प्रयोगशाळा आणि उद्योग यांमधील दरी भरून काढण्यासाठी २०१२ मध्ये बायरॅक ही संस्था स्थापन झाली. परंतु २०२०-२१ मध्ये संशोधनावरील आपला एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता. इतक्या तुटपुंज्या शिदोरीवर लांबचा प्रवास कसा व्हावा?

दुवे जुळलेले असले की वेळ वाचतो, हे कोविडकाळात दिसले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विषाणू वेगळा करून दिला आणि काही महिन्यांतच कोवॅक्सिन चाचण्यांपर्यंत पोहोचली. परंतु जानेवारी २०२१ मध्ये तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच तिला परवानगी मिळाली. त्यावर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि शंकांना उत्तरे देण्याचे काम आम्हा डॉक्टरांच्या वाट्याला आले. नियंत्रक हा वाटेतला अडसर नसून विश्वासाचा आधारस्तंभ आहे, हाच यातील धडा होय.

या व्यवस्थेचा पहिला दुवा रुग्णाजवळचा आहे, तसाच शेवटचाही. न समजलेले लक्षण काळजीपूर्वक टिपून ठेवणे, लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेची रीतसर नोंद करणे, चाचणीत सहभागी होणाऱ्या पालकांना त्यांच्या मायबोलीत सर्व माहिती समजावून सांगणे ही कामे दिसायला लहान आहेत. ती माझ्यासारख्या खासगी दवाखान्यातील डॉक्टरलाही करता येतात. राष्ट्रीय व्यवस्था दिल्लीत आखली जात असेल. परंतु ती उभी राहते ती अशाच नोंदींवर.