डबा गप्प बसतो तेव्हा

एका बॅटरीवर यंत्र पाच वर्षं चालेल, असं आम्ही गिऱ्हाइकाला लेखी दिलं होतं. पहिल्या खेपेतली बहुतेक यंत्रं सहा महिन्यांच्या आत गप्प झाली. गोष्ट 2015 सालची. कंपनी नऊ माणसांची, ऑफिस पुण्यात. आमचा समुद्राशी संबंध अलिबागच्या सहलीपुरता. काम मात्र घेतलं होतं मालवाहू कंटेनर इंटरनेटला जोडायचं. डबा कुठे आहे, आत तापमान किती, दार कधी उघडलं, हे मालकाला मोबाइलवर दिसलं पाहिजे. ट्रकला जीपीएस बसवतात, तसंच हेही, असा आमचा हिशेब.

ट्रकला स्वतःची बॅटरी असते आणि चार दिवसांनी तो गॅरेजला येतो. डबा एकदा गेला की पुन्हा कुठल्या देशात, कधी हाताला लागेल, सांगता येत नाही. साध्या डब्याला वीज नसते आणि तो सगळा पोलादाचा, त्यामुळे आतून मोबाइलची लहर बाहेर पडत नाही. अँटेना बाहेर लावायची तर भोक पाडायची सोय नाही. कस्टमच्या सीलखाली जाणाऱ्या डब्याला भोक म्हणजे चोरवाट. डब्याच्या मापाबाहेर बोटभरही आलेलं चालत नाही, कारण शेजारचा डबा अगदी घासून खाली उतरतो. उरते ती पत्र्याच्या पन्हळीतली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोली. जे काय बसवायचं ते तिथे.

तेवढं आम्ही बसवलं. फसलो ते बॅटरीत. आमच्या सेलची क्षमता 19 अँपिअर-अवर. पाच वर्षांनी भागलं तर दिवसाला साधारण दहा मिलिअँपिअर-अवर खर्चायची मुभा. नेटवर्क असताना निरोप अर्ध्या मिनिटात जायचा, म्हणून हिशेब बसत होता. पण भरसमुद्रात नेटवर्कच नसतं, आणि निरोप गेला नाही की आमचं यंत्र दर तासाला उठून तीन-तीन मिनिटं ते शोधत बसायचं. एका शोधाला पाच मिलिअँपिअर-अवर, दिवसाचे 120. म्हणजे सतत समुद्रावर असलेला डबा 158 दिवसांत संपणार. हे गणित सातवीतल्या पोराला जमेल. आम्ही ते केलं नाही, कारण पुण्यात बसून नेटवर्क नाही अशी वेळच आली नव्हती.

आता यंत्राला नेटवर्क मिळालं नाही, तर ते पुढचा प्रयत्न दोन तासांनी करतं, मग चार, मग आठ. हलणं-डुलणं मोजणारा सेन्सर सांगतो की डबा अजून लाटांवर आहे. मग उठायचंच कशाला? क्रेनने उचलल्याचा झटका बसला की उठायचं.

दुसरा घोटाळा पहिल्याच्या उलटा, फार झोपण्याचा. आमचा लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल वर्षानुवर्षं चार्ज धरून ठेवतो, कारण आत लिथियमवर एक पातळ थर चढतो. यंत्र महिनाभर झोपलं की तो थर जाड होतो. मग अचानक मोडेम जागा होऊन दोन अँपिअरचा झटका मागतो, व्होल्टेज धाडकन पडतं, यंत्र रीसेट होतं, पुन्हा उठतं, पुन्हा पडतं. सेल भरलेला असूनही यंत्र मेल्यासारखं. सेलला जोडून मोठा कपॅसिटर लावला की हे मिटतं. पण टेबलावर रोज चालू-बंद होणाऱ्या यंत्रात हा दोष कधी दिसणारच नाही. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना मी सांगतो: दहा यंत्रं गोदरेजच्या कपाटात ठेवा, दार लावा आणि तीन महिने विसरून जा. मग उघडा. या परीक्षेचा साहेबांना फार कंटाळा येतो. भांडावं लागलं तरी ती करा.

मोडेम निवडतानाही डब्याचं वय लक्षात ठेवा. तो बारा-पंधरा वर्षं फिरतो. नेटवर्कचा तेवढा भरवसा नाही. अमेरिकेत एटी अँड टीने 1 जानेवारी 2017 ला 2जी बंद केलं. आमचा मोडेम फक्त 2जीचा होता. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पुढच्या यंत्रांवर सोलर पॅनल बसवलं. तीही काही दिवसांत थंडावू लागली, म्हणून उरणजवळच्या एका यार्डात बघायला गेलो. डबा दुरुस्तीला आलेला, नुकताच रंगवलेला, आणि आमचं पॅनलही त्याच गडद निळ्या रंगात गुळगुळीत. पेंटरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, डब्याला चिकटलेलं सगळं रंगवायचं, असाच हुकूम आहे." त्याचं काय चुकलं? यंत्राच्या खोक्यात पाणी साठू नये म्हणून ठेवलेलं हवेचं बारीक छिद्रही रंगाने बुजलं होतं. तेव्हापासून प्रत्येक नमुना आम्ही आधी यार्डातल्या पेंटरला आणि वेल्डरला दाखवतो.

सगळ्यात महाग पडलं ते फेब्रुवारी 2024 मध्ये. निफाडकडच्या एका निर्यातदाराची द्राक्षं रीफरमधून, म्हणजे थंड ठेवणाऱ्या डब्यातून, न्हावाशेवाहून रॉटरडॅमला निघाली. रीफरच्या जाड भिंतीतून लहर निघत नाही, दाराच्या रबरातून थोडी झिरपते. म्हणून सेन्सर दाराजवळच्या पॅलेटवर, त्याची सुई मण्यात खुपसलेली. डेटाचा खर्च वाचवायला वाटेतल्या बंदरांत फक्त ताजं तापमान पाठवायचं आणि पूर्ण नोंद मुक्कामाला उतरवायची. दर पंधरा मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला 96 नोंदी. मेमरीत जागा 3000 नोंदींची, 31 दिवसांची. सुएझमार्गे तेवढं पुरत होतं. 3000 हा आकडा मीच टाकला होता, गोल दिसतो म्हणून.

तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे डिसेंबर 2023 पासून मोठ्या कंपन्यांची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली होती. आमचा डबा भरल्यापासून उघडेपर्यंत 42 दिवस लागले. नोंदी झाल्या 4032. मेमरी भरली की सर्वांत जुनी पुसून नवी लिहायची, हा माझाच प्रोग्राम. पहिले जवळजवळ अकरा दिवस पुसले गेले.

पेट्या उघडल्या तर देठ तपकिरी, काही मणी पिचपिचीत. खरेदीदार म्हणाला, माल प्रीकूलिंग न करताच, म्हणजे आधी थंड न करताच, भरला. रीफरच्या नोंदीत फक्त हवेचं तापमान. मणी आतून किती थंड होते, ते तिला ठाऊक नसतं. बंदरात डब्याचं दार शेजारच्या डब्याला भिडलेलं, त्यामुळे तिथून एकही निरोप निघाला नव्हता. निर्यातदार भाऊंचा फोन आला.

"साहेब, रॉटरडॅमला थंड होतं, हे मला बी माहितीय. निफाडला किती होतं, ते सांगा ना."

मला सांगता आलं नाही. त्यांनी दर पाडून सौदा मिटवला.

आता पहिल्या तीन दिवसांच्या नोंदींना कुलूप असतं. मेमरी भरत आली की यंत्र बाकीच्या नोंदी पुसत नाही, विरळ करतं: चारांतली एक ठेवतं. मेमरीही चौपट केली. त्याला खर्च आला यंत्रामागे एका वडापावचा.

भाऊंनी पुढच्या हंगामातही आमची यंत्रं घेतली. मात्र प्रत्येक डब्यात, वापरून फेकून द्यायचा तापमान नोंदणारा एक साधा लॉगरही ते ठेवतात. कुठल्या पेटीत, हे मला सांगत नाहीत.