गाणाऱ्याचे कान वेगळे, आपले वेगळे

माइक कोणता घेऊ, हे तू प्रत्येक फोनला विचारतेस. गाणाऱ्याच्या कानात काय सोडू, हे मात्र अजून विचारलेलं नाहीस. म्हणून आज मामा न विचारता सांगतोय. जन्म रेकॉर्डिस्ट म्हणून काचेमागे गेला, तेव्हा एवढा हक्क आहे असं समज.

गाणारा माणूस कानात जे येतं त्याला उत्तर देत गातो. कानातला तानपुरा गढूळ असेल तर सूर लागता लागत नाही. स्वतःचा आवाज फार मोठा येत असेल तर तो आवाज चोरतो. साथ अंगावर येत असेल तर ओरडतो. फ्रान्समधले कान-घशाचे डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ साली हेच मांडलं होतं: भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. हेडफोनमध्ये तो गोंगाट आपणच भरत असतो. सूर ओढून जागेवर आणणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण चोरलेला आवाज मोकळा करून देणारं अजून कुणी काढलेलं नाही.

आता तुझ्या सामानाकडे येऊ. तुझा इंटरफेस स्कार्लेट टू-आय-टू. त्याच्या हेडफोनच्या सॉकेटमधून तेच ऐकू येतं जे मागच्या १ आणि २ आउटपुटमधून निघतं. तू वर बेहरिंजरचा एचए-४०० घेऊन आलीस आणि म्हणालीस, मामा, आता चौघांना वेगवेगळं मिक्स देता येईल. नाही गं. त्यात चार हेडफोन लागतात आणि चौघांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त होतो, एवढंच. आत जाणारं मिक्स एकच. गाणारी म्हणाली की मला तबला नको, तानपुरा जास्त हवा, तर तो नॉब फिरवून काही होणार नाही.

वेगळं मिक्स हवं तर चार आउटपुटचा इंटरफेस लागतो. १-२ वर तुझे कान, ३-४ वर गाणाऱ्याचे. एचए-४०० तेव्हा कामाला येईल: ३ आणि ४ मधून निघून त्याच्या इनपुटला. त्या अँपला इनपुट एकच आहे, स्टिरिओ, म्हणून दोन मोनो पिना एका स्टिरिओ पिनेत मिळवणारी वायर लागते. पुण्याच्या तपकीर गल्लीत मोठ्या पिनेला पी-३८ म्हण. ‘इकडे दोन मोनो, तिकडे एक स्टिरिओ’ सांगितलंस की दुकानदाराला कळतं. घाईत आउटपुट ३ मध्ये थेट हेडफोन खुपसू नकोस. ते भोक बॅलन्स्ड मोनोचं. हेडफोनच्या एका कानात सरळ सिग्नल जातो, दुसऱ्यात उलटा, आणि आवाज डोक्याच्या मधोमध बसायच्या ऐवजी दोन्हीकडे पोकळ पसरतो. वर ते सॉकेट हेडफोन चालवायला बनवलेलंही नाही.

पैसे जमेपर्यंत आहे त्यातच काम करायचं असेल तर माझं मत सरळ आहे: दोनच आउटपुट असतील तर ते गाणाऱ्याचे. तू त्याच्याच मिक्समध्ये ऐक, तुझी गैरसोय होऊ दे. तुला बेस किती आहे, गिटार कुठे बसलीय, हे त्या वेळी ऐकायची गरजच नसते. शब्द, सूर, श्वास आणि माइकचा फटकारा एवढं कळलं की पुरे. प्रोजेक्टची एक प्रत काढून तिला ‘गायन’ नाव दे, आणि तुझं सजवलेलं मिक्स दुसऱ्या प्रतीत सुखात राहू दे.

चार आउटपुट आले की तुझ्या रीपर सॉफ्टवेअरमध्ये ‘क्यू’ नावाचा एक रिकामा ट्रॅक कर. त्याच्या राउटिंगमध्ये जाऊन मास्टर सेंडची खूण काढ आणि हार्डवेअर आउटपुट ३/४ जोड. मग ज्या ज्या ट्रॅकचा आवाज गाणाऱ्याला हवा, त्याचा सेंड या क्यूला, आणि सेंड प्री-फेडर. हे प्री-फेडर विसरू नकोस. सेंड पोस्ट-फेडर राहिला तर तू तुझ्यासाठी बासरी खाली ओढलीस की गाणाऱ्याच्या कानातलीही बासरी खाली जाते. तो अंतऱ्यात त्या बासरीच्या सुरावर डोळे मिटून उभा असतो, आणि तू त्याच्या पायाखालची फळी काढून घेतेस. टेक चालू असताना सोलोच्या बटणालाही हात लावू नकोस. तू तबला एकटा ऐकायला जाशील आणि तिकडे बाकीची साथ गायब होईल.

उशिराचं नीट समजून घे, कारण तक्रार कधी ‘उशीर होतोय’ अशी येत नाही. येते ती ‘आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतोय’ अशी, आणि नवखा रेकॉर्डिस्ट इक्वलायझर फिरवत बसतो. आवाज माइकमधून संगणकात जाऊन परत कानात येतो, त्याला वेळ लागतो. ४८,००० च्या सॅम्पल रेटला बफर १०२४ ठेवलास तर जाताना २१ मिलिसेकंद आणि येताना तेवढेच, म्हणजे चाळिसाच्या वर. १२८ वर आणलास तर एका बाजूचे पावणेतीनच्या आत. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ढोलकीवाला दोन मीटरवर बसला तर त्याची थाप सहाएक मिलिसेकंद उशिरा ऐकू येते आणि कुणाचं काही बिघडत नाही. स्वतःच्या आवाजाचं तसं नसतं. तो हाडांतून आधीच कानात पोचलेला असतो. मागाहून हेडफोनमधला आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात, काही सूर फुगतात, काही खाल्ले जातात.

त्यावर उपाय इंटरफेसमध्येच आहे: डायरेक्ट मॉनिटर. माइकचा आवाज संगणकातून वळसा न घेता तिथूनच कानात जातो. तुझ्या टू-आय-टूवर त्याचं बटण आहे. चार आउटपुटच्या इंटरफेसबरोबर बहुतेक वेळा छोटा मिक्सर सॉफ्टवेअरमध्ये येतो, फोकसराइट कंट्रोल किंवा आरएमईचा टोटलमिक्स यांसारखा. त्यात माइक थेट ३-४ कडे सोडता येतो. मग संगणकातून येणारा तोच आवाज क्यूमधून बंद करायचा, नाहीतर दोन आवाज मागे-पुढे येतात आणि गाणारा वेडा होतो.

डायरेक्टचा आवाज कोरडा ठणठणीत असतो, आणि कोरड्या आवाजात मराठी भावगीत गाणं म्हणजे शिक्षा आहे. तिथे ही युक्ती कर. आवाजाच्या ट्रॅकचं मॉनिटरिंग रीपरमध्ये चालू ठेव, पण त्याचा सेंड क्यूला देऊ नकोस, आणि त्याची मास्टर सेंडची खूणही तेवढ्यापुरती काढ. सेंड फक्त रिव्हर्बच्या ट्रॅकला दे. रिव्हर्ब शंभर टक्के ओला ठेव, आणि तो क्यूला सोड. मूळ आवाज उशिराशिवाय येतो, रिव्हर्ब दहा-पंधरा मिलिसेकंद मागून येतो, आणि रिव्हर्ब मागून आला तर उलट चांगलाच वाटतो. आधीचा टेक ऐकवत मध्येच पंच मारायचा असेल तर तो टेक वेगळ्या ट्रॅकवर टाकून क्यूला जोड.

रिव्हर्ब किती द्यायचा? मागतील त्याच्या निम्मा. दीड सेकंदाची साधी प्लेट पुरते. फार ओलं केलंस की शब्दांची टोकं बोथट होतात, आणि गाणाऱ्याला वाटतं सूर लांब टिकतोय. प्रत्यक्षात टिकवतो तो रिव्हर्ब. मास्टरवर लिमिटर किंवा लिनिअर फेजचा इक्वलायझर चढवला असेल तर रेकॉर्डिंगपुरता काढ. ही मंडळी पुढचं ऐकून काम करतात, म्हणून स्वतःचा उशीर घालतात, आणि तू बफर कितीही कमी केलास तरी तो जात नाही.

आता खरा प्रश्न: मिक्समध्ये काय ठेवायचं. नवी मंडळी इथे सगळा ऑर्केस्ट्रा ओततात. मी उलटं सांगतो. सुरासाठी एक आणि लयीसाठी एक, इथून सुरुवात कर. पट्टी काळी चार असो की पांढरी पाच, तानपुरा स्पष्ट आणि मधोमध. हार्मोनियम किंवा पियानो असेल तर तो तानपुऱ्याच्या थोडा खाली. लयीला ठेका. त्यातही डग्गा कमी, चाटीची बाजू जास्त, कारण सम आणि मात्रा चाटीवर कळतात. डग्ग्याचा घुमारा हेडफोनमध्ये सूर झाकतो. ठेका नसेल तरच क्लिक.

कोरस इफेक्ट लावलेलं पॅड, जाडजूड सिंथ, दोन गिटार उजवी-डावीकडे, हे सगळं सुंदर असतं आणि गाण्याच्या वेळी घातक असतं. कोरसचा इफेक्ट सूर मुद्दाम थोडा इकडे-तिकडे हलवतो, त्यावरच तो रुंद वाटतो. अशा सुरावर षड्ज टेकवायचा कसा? बेस गिटारवरही सूर धरता येत नाही, इतक्या खालचा सूर कानाला नेमका सापडत नाही. अरेंजरसाहेब शेजारी बसले असतील तर त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. त्यांचं मिक्स १-२ वर आहे.

गाणारा म्हणेल, ‘माझा आवाज जरा वाढवा.’ लगेच वाढवू नकोस. आधी बाकीचं थोडं उतरव, आणि विचार, ‘आता?’ बहुतेकदा ‘हां, आता बरोबर’ येतं. नुसतं वाढवत गेलीस तर अर्ध्या तासात सगळं टिपेला पोचतं. फार मोठा आवाज कानात असेल तर सूर नेमका कुठे आहे हे कळायचं अवघड होतं. खालचे सूर मोठे केले की कानाला आणखी उतरल्यासारखे वाटतात. कानांचं आरोग्यही आहे. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेची मर्यादा धरतात, आणि अमेरिकेतल्या नायोश संस्थेच्या हिशोबाने दर तीन डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. एखादा कुजबुजत सुरू करून तार सप्तकात मोकळा होणारा असेल तर सॉफ्टवेअरमधून मॉनिटर करताना क्यूवर हलका कॉम्प्रेसर लाव, तीनास एकच्या आसपास. रेकॉर्ड होणाऱ्या आवाजावर नको.

आणि कुणी ‘आवाज पातळ येतोय’ म्हणालं तर क्यूमधल्या माइकची पोलॅरिटी एकदा उलटून बघ. हाडांतल्या आवाजाशी हेडफोनमधला जुळला नाही की खर्ज नाहीसा होतो. उलटल्यावर काही जणांचा चेहरा तिथल्या तिथे खुलतो, काहींना फरकच कळत नाही. दोन्ही ठीक.

हेडफोन बंद पाठीचेच घे. सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, या जातीचे. उघड्या पाठीचे मिक्सिंगला कितीही गोड असले तरी माइकसमोर नको, सगळा ठेका टेकमध्ये उतरतो. ब्लूटूथचं नावही काढू नकोस, त्यात उशीर बहुतेकदा शंभर मिलिसेकंदांच्या पुढेच असतो.

आपल्याकडचे पुष्कळ गायक, विशेषतः बैठकीत तयार झालेले, एक कान उघडा ठेवून गातात. ठेवू दे. स्वतःचा आवाज खोलीत ऐकल्याशिवाय त्यांना सूर पटत नाही. फक्त उघड्या कानाचा कप डोक्याला चिकटवून मागे सरकवायला सांग, आणि क्यू पूर्ण त्या दुसऱ्या कानाकडे पॅन कर. नाहीतर तो मोकळा कप माइकच्या तोंडाशी छोटा स्पीकर होऊन बसतो. क्लिक वापरतेस तेव्हाही लक्ष ठेव: ‘टिक’ असा उंच, टोकदार आवाज सगळ्यात जास्त गळतो, लाकडी ठोक्यासारखा किंवा शेकरसारखा घे. शेवटच्या ओळीवर, जिथे सूर लांबतो आणि साथ थांबते, तिथे क्लिक ऑटोमेशनने आधीच बंद कर. त्या शांततेत गळलेला ठोका पुसता येत नाही. सुरुवातीच्या आलापालाही तेच.

गाणारी आतल्या खोलीत आणि तू हॉलमध्ये असशील तर बोलायला एक माइक लागतो. घरात आहुजाचा जुना माइक पडलेला असेल तोच दुसऱ्या इनपुटला लाव, फक्त ३-४ कडे सोड, आणि टेक सुरू होताना बंद करायची सवय लाव. टेक संपल्या संपल्या काहीतरी बोल. काचेपलीकडे, किंवा दाराआड, हेडफोन लावून उभ्या असलेल्या माणसाला दहा सेकंदांची शांतता म्हणजे ‘वाईट झालं’ असंच वाटतं. ‘छान, मुखडा ठेवतोय, अंतरा परत घेऊ’, एवढंही पुरतं.

दोघं गाणार असतील तर दोघांना दोन मिक्स, म्हणजे सहा आउटपुट, हे आत्ता तुला परवडणार नाही. तोवर एकेकाला घे. दुसऱ्याचा डमी आवाज क्यूमध्ये हलकासा ठेव. कंडेन्सरचा फँटम चालू-बंद करताना मात्र कुणाच्याही कानात हेडफोन असता कामा नये, तो धप्पकन आवाज भयंकर असतो.

काम संपलं की क्यू ट्रॅक उडवू नकोस. गाण्याच्या आणि गाणाऱ्याच्या नावाने सेव्ह कर, अँपच्या नॉबचा मोबाइलवर फोटो काढ, बफर किती होता तेही लिहून ठेव. महिन्याभराने निर्माता एक शब्द बदलून मागतो, आणि तेव्हा तोच आवाज तसाच लागायला हवा असेल तर कानात तेच मिक्स द्यावं लागतं.