सावळ्या पायांवरचा शिरांचा विकार

पायांतील रक्त वर हृदयाकडे चढते ते शिरांमधील छोट्या झडपांच्या आधाराने. या झडपा सैल झाल्या की रक्त घोट्यापाशी साचू लागते. संध्याकाळी पाय जड होणे, मोज्याचा वळ उमटणे, रात्री पोटरीत गोळा येणे ही सुरुवात. पुढे रक्तातील लोह कातडीत झिरपून तिचा रंग पालटतो, ती कडक होते आणि काहींना घोट्याजवळ लवकर न भरणारी जखम होते.

वैद्यकाच्या पुस्तकांत हा विकार बहुधा गोऱ्या पायांवर दाखवलेला असतो: निळसर बारीक शिरा, लालसर डाग. आपल्या गव्हाळ वा सावळ्या पायांवर त्या शिरा सहज दिसत नाहीत आणि लाली जांभळट, राखाडी किंवा नुसती काळपट भासते. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील विद्यार्थी मलोन मुकवेंडे याने २०२० साली दोन अध्यापकांसह 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, ती काळ्या-सावळ्या कातडीवरील रोगलक्षणे दाखवण्यासाठीच.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. मांडी घालून बसल्याने घोट्याच्या बाहेरच्या हाडावर काळा घट्टा पडतो. तो निरुपद्रवी. शिरांच्या विकाराचा काळेपणा मात्र बहुधा आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा वर येतो आणि तेथे खाजही सुटते. त्यावर वज्री मुळीच घासू नये. (साडीच्या काठाखाली तो कोणाला दिसतही नाही!)

नुसते पाहू नका, हात लावून पाहा. दिवसाच्या उजेडात दोन्ही पाय ताडून पाहावेत. नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा राहतो का? कातडी कडक किंवा गरम लागते का? डॉक्टरांना आपला मूळचा रंग ठाऊक नसतो, म्हणून 'इथला रंग बदलला आहे' असे स्पष्ट सांगावे. खात्री होते ती डुप्लेक्स अल्ट्रासाऊंडने. तीत सुई नाही, दुखत नाही. ही तपासणी शक्यतो उभे राहून करतात.

एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. धापही लागत असेल तर थेट इमर्जन्सीत जावे.

घट्ट वैद्यकीय मोज्यांनी पुष्कळांना आराम पडतो, पण मधुमेह्यांनी आधी पायाच्या रोहिण्यांतील रक्तपुरवठा तपासून घ्यावा. अमेरिकेतील बऱ्याच विमा कंपन्या निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या उपचाराचे पैसे देत नाहीत. त्या अल्ट्रासाऊंडचा अहवाल आणि काही आठवडे मोजे वापरल्याची नोंद मागतात. तेव्हा दुखणे, सूज, खाज हे सारे पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्यावे.