हातभर लांबीची वीट

प्रश्न : शुक्रवार पेठेतल्या आमच्या विटांच्या वाड्यानं शंभरी ओलांडली आहे. कोल्हापुरात यापेक्षा जुनं विटांचं घर कुठलं? की जुनं तेवढं सगळं काळ्या दगडातलंच?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचा वाडा यात अगदीच लेकरू ठरतो! पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहन काळातली घरं निघाली, ती भाजलेल्या विटांची. डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथं उत्खनन केलं. अंबाबाईचं देऊळ त्यानंतर कित्येक शतकांनी उभं राहिलं आणि नवा राजवाडा तर पुरा झाला १८८४ मध्ये. म्हणजे काळ्या दगडाचं कोल्हापूर मागाहून आलेलं, आधीचं विटांचं.

सातवाहन काळातली वीट आजच्या विटेच्या जवळपास दुप्पट लांब. मोडून पाहिली तर तिच्यात बऱ्याचदा भाताच्या तुसाचे ठसे दिसतात. नदीकाठची चिकण माती नुसती थापली तर वाळताना तडकते. तूस घातलं की तडे कमी जातात, शिवाय भट्टीत ते आतून जळतं आणि वीट पोटापर्यंत भाजते. आजही वीटभट्टीवाले मातीत तूस मिसळतात ते उगीच नव्हे.

छपराची तर मला जास्तच गंमत वाटते. त्या काळच्या कौलांना खाचा असत, एकात एक अडकण्यासाठी, आणि वाशांना खिळ्यांनी ठोकून बसवण्यासाठी दोन भोकं. आपण ज्याला मंगळुरी कौल म्हणतो, त्याचा मंगळूरचा कारखाना निघाला १८६५ मध्ये. एकात एक अडकणारं कौल मात्र इथल्या पावसानं त्याच्या कितीतरी आधी पाहिलं होतं.

ब्रह्मपुरीची माणसं खाऊनपिऊन सुखी असावीत. याच टेकाडात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती सापडली, पाठीवर माणसं बसलेला काशाचा हत्तीही. या वस्तूंसाठी सुरू झालेलं संग्रहालय पुढं टाउन हॉलमध्ये आलं. ती इमारत मात्र दगडी!

तेव्हा ब्रह्मपुरीच्या आसपास पाया खणताना हातभर लांबीची वीट लागली, तर ती भरावात टाकू नका. काम थांबवून आधी टाउन हॉल संग्रहालयाला कळवा.